फोरमनची अकराची वेळ

फोरमनला सोमवारी सकाळी अकराला दवाखान्यात न्यायचं आणि तिथेच त्याचा शेवट करायचा, असं घरच्यांनी ठरवलं तेव्हा मी त्या खोलीत होते आणि मान मीही हलवली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मी जे केलं त्यावरून, मी पहिल्यापासून त्याच्या बाजूने होते असा कुणाचा समज व्हायला नको.

फोरमन हा बाबांचा कुत्रा. वय नऊ, रंग मळक्या पोत्यासारखा, एक कान उभा आणि एक पडलेला. नाव बाबांनीच ठेवलं होतं. "स्वतः काडीचं काम करत नाही आणि दुसऱ्याचं काम डोळे वटारून बघत बसतो. मग दुसरं काय म्हणू?" बाबांची सगळी नोकरी बंदरावर गेली. मालाच्या पेट्या उचलणाऱ्या क्रेनला खालून इशारे द्यायचं त्यांचं काम. फोरमन लोकांबद्दल त्यांची मतं पक्की होती.

बाबांना जाऊन सहा आठवडे झाले होते. तेव्हापासून कुत्रा दादाकडे होता, आणि दादाच्या घरात रोज त्याच्यावरून काही ना काही चालू. हाक मारली तर येत नाही. हाकललं तर जात नाही. दिवाणखान्याच्या मध्यभागी खांबासारखा उभा राहतो. गेल्या आठवड्यात दादाने त्याला पट्ट्याला धरून ओढलं, तर त्याने दादाच्या हाताला दात लावले. तीन टाके पडले.

पण खरं कारण टाके नव्हते. बाबा स्वयंपाकघरात कोसळले तेव्हा घरात फक्त फोरमन होता. दादाने दार उघडलं तेव्हा तो बाबांशेजारी उभा होता. खालच्या मजल्यावरच्या बाई सकाळपासून घरीच होत्या. त्यांनी एकदाही भुंकणं ऐकलं नव्हतं.

"माणूस जमिनीवर पडलाय आणि हा मेला शेजारी उभा राहून बघतोय!" आत्या म्हणाली. "साधं भुंकू नये? वर्षानुवर्षं खाल्लंस ना रे त्याच्या हातचं?"

"आत्या, त्याला विचारून काय उपयोग," वहिनी म्हणाली. "माझी मुलं आहेत घरात. उद्या त्यांना चावला तर?"

 दादाने फोन लावला, वेळ घेतली, आणि मग एकेकाकडे बघितलं. माझ्यावर नजर आली तेव्हा मी मान हलवली. का हलवली, त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते चांगलं नाही. कुत्र्याने भुंकायला हवं होतं, असं मलाही वाटत होतं.

मग मी म्हणाले, "तळ्यावरची खोली बाबांनी या शुक्रवारपासून घेऊन ठेवलीये. मी याला घेऊन जाते."

ती खोली म्हणजे तळ्याकाठची लाकडी केबिन. हंगाम संपला, माणसं पांगली की बाबा दर वर्षी तिथे तीन रात्री राहायला जायचे. आम्हाला कधी बोलावलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

"सहलीला?" आत्याने डोळे मोठे केले. "अगं, बापाला जाऊन दोन महिने नाही झाले!"

"जाऊ दे तिला," दादा म्हणाला. "शेवटचं फिरवून आण, छोटे. सोमवारी दहाच्या आत परत ये."

*

तीन तासांच्या रस्त्यात फोरमन एकदाही खाली बसला नाही. मागच्या सीटवर चार पाय रोवून उभा. आरशात मला त्याचा तो एक उभा कान तेवढा दिसायचा.

हंगाम संपलेल्या जागेला एक उघडेपणा असतो. आइसक्रीमच्या दुकानाची खिडकी फळ्या ठोकून बंद केलेली. होड्या काठावर पालथ्या, एकीवर एक. तळ्याचं पाणी दुरुस्तीसाठी सोडून दिलेलं, त्यामुळे लाकडी धक्का पाण्यात नाही तर चिखलात उभा होता. त्याच्या खांबांवर पाणी कुठवर असायचं त्याची हिरवी रेघ माझ्या डोक्याच्या वर. पाणी पुढे, बऱ्याच लांब, पत्र्याच्या तुकड्यासारखं.

केबिनींची देखरेख करणाऱ्या बाईंच्या कमरेला इतक्या किल्ल्या होत्या की त्या दिसण्याआधी ऐकू आल्या. बाबा घरी त्यांचा उल्लेख किल्लीबाई असा करायचे, हे मला तेव्हा आठवलं.

"ते मागून येतायत?" त्यांनी माझ्या मागे बघत विचारलं.

"नाही. गेले ते. सहा आठवडे झाले."

त्या जुडग्यातली किल्ली शोधायला लागल्या. खूप वेळ शोधत होत्या. प्रत्येक किल्लीवर नंबर लिहिलेला होता.

"सात नंबर," शेवटी त्या म्हणाल्या. "गळते ती. दर वर्षी सांगायचे, दुसरी घ्या. नाही. सातच हवी." मग त्यांनी वाकून फोरमनकडे बघितलं. त्याला हात लावला नाही, हाकही मारली नाही. "आणि तुम्ही, साहेब? बरे आहात?"

मी सोमवारबद्दल काही सांगितलं नाही.

*

शनिवारी सकाळी मी त्याला मोकळा सोडला. तो काठावरून खाली उतरला आणि चिखलातून सरळ पाण्याच्या दिशेने चालत सुटला. वरून चिखल वाळलेला वाटत होता, पण पुढे त्याचे पाय खोल जायला लागलेले मला दिसले.

"फोरमन! इकडे ये! फोरमन!"

तो थांबला. मागे वळून बघितलं. आला मात्र नाही.

किल्लीबाई आपल्या ओट्यावर आल्या. त्यांनी शिटी घातली. मी परत हाक मारली, हात हलवले, टाळ्या वाजवल्या, खिशातला बिस्किटाचा पुडा काढून वाजवला. तो पोटापर्यंत चिखलात, पुतळा झालेला.

"अहो, थांबा!" किल्लीबाई एकदम म्हणाल्या. "मीही गाढवच. आपण दोघी कशाला ओरडतोय? तुमचे वडील कधी ओरडायचे नाहीत."

"मग काय करायचे?"

"हात. नुसते हात. तीन दिवस या काठावर त्या दोघांचा आवाज नसायचा. एकदा मी आपली सहज हाक मारली याला, तर तुमचे वडील केवढे चिडले! म्हणाले, बाई, एका वेळी एकच माणूस. नाहीतर तो कुणाचं ऐकणार?"

मला एकाएकी त्या काठावर फार मूर्ख असल्यासारखं वाटलं.

कारण हा नियम मला पाठ होता. तो आमच्या घरातला नियम होता. क्रेन चालवणारा वर बसलेला असतो, त्याला खालचं काही ऐकू येत नाही, फक्त हात दिसतात. म्हणून इशारे एकाच माणसाने द्यायचे. दोघांचे हात एकदम हलताना दिसले तर त्याने जागच्या जागी थांबायचं आणि त्यांचं एकमत होईपर्यंत पेटी तशीच लटकत ठेवायची. दादाची आणि माझी भांडणं बाबा हे सांगूनच मोडायचे. जेवताना ते तोंडाने "पुरे" म्हणायचेच नाहीत. उजवा हात बाजूला सरळ, तळवा जमिनीकडे: थांब. कोपरापासून हात उभा, बोट वर, छोट्या छोट्या गोलात फिरवत: उचल. आई होती तोवर चिडायची, "मी काय क्रेन आहे का?" आणि बशी उचलायची.

दादाच्या घरी पाच माणसं होती. सहा आठवडे पाचही जण एकदम सांगत होते. ये, जा, बस, ऊठ, सोड, चल बाहेर. आणि तो दिवाणखान्याच्या मध्यभागी थांबून राहिला होता, आमचं एकमत व्हायची वाट बघत.

मी किल्लीबाईंकडे पाठ केली. धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहिले, जिथून मी त्याला पूर्ण दिसेन. पोरवयात दादा आणि मी उशा उचलायला वापरायचो तो इशारा केला. हात उभा, बोट वर, गोल.

फोरमनने पुढचे पाय चिखलातून उपसले. मग मागचे. मी हात माझ्याकडे ओढत राहिले आणि तो माझ्या बोटांवर नजर ठेवून, एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत परत आला.

"बघा!" किल्लीबाई ओरडल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

*

त्यानंतर मी जी चूक केली ती आमच्या घराबाहेरच्या कुणाला करताच आली नसती.

दुपारी खोलीतला हीटर पेटेना म्हणून किल्लीबाई आल्या. फोरमन माझ्या मागून पायऱ्यांकडे येत होता, अंगभर ओला चिखल. मला तो आत नको होता. मी वळून हात बाजूला ताठ केला, तळवा खाली. तो थबकला. मला गंमत वाटली, खरं तर थोडा गर्वच वाटला. मी आत गेले आणि दार लोटून घेतलं.

हीटर पेटायला वेळ लागला. मग चहा झाला. किल्लीबाई बाबांबद्दल बोलत होत्या आणि मी अधाशासारखी ऐकत होते. ते इथे पुस्तक वाचायचे म्हणे. घरी त्यांनी माझ्यादेखत कधी वर्तमानपत्राच्या पुढे मजल मारली नव्हती. मी ग्रंथालयात काम करते, आणि हे मला त्या बाईंकडून कळत होतं. त्यांना जायचं होतं, मी त्यांना आणखी एक कप घ्यायला लावला.

त्या निघाल्या म्हणून मी दार उघडलं. मधे तास उलटून गेला होता. बारीक पाऊस सुरू झालेला.

फोरमन पायऱ्यांपासून चार पावलांवर उभा होता. मी हात केला तेव्हा त्याचा एक पुढचा पाय उचललेला होता. तो आता अर्धवट टेकलेला होता, नखं तेवढी जमिनीला. मागचे पाय लटलट कापत होते. कानांवरून पाणी गळत होतं. डोळे दारावर. तो भुंकला नव्हता. दारावर ओरखडा नव्हता. मी थांब म्हटलं होतं आणि पुढचा इशारा दिला नव्हता. पुढचा इशारा मिळेपर्यंत काही हलवायचं नसतं.

"अगं बाई," किल्लीबाई म्हणाल्या. "केव्हापासून उभं केलंत त्याला?"

 मी मनाने आमच्या स्वयंपाकघरात होते.

दादाने ते सगळ्यांना सांगितलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला, प्रत्येक वेळी तेच, जणू एखादा शब्द गाळला तर पाप लागेल. बाबा कुशीवर होते. डोळे मिटलेले. डावा हात अंगाखाली. उजवा हात बाजूला सरळ, तळवा खाली. सांगताना दादा स्वतःचा हात तसा करून दाखवायचा. मी निदान दहा वेळा ते बघितलं असेल. आत्याने बघितलं, शेजाऱ्यांनी बघितलं. त्यांचं सोडा. पण आम्ही दोघं त्या हाताखाली लहानाचे मोठे झालो होतो.

मी बोट वर करून गोल फिरवलं. फोरमनने तो पाय जमिनीवर ठेवला, दोन पावलं आला आणि बसकण मारली. सहा आठवड्यांत मी त्याला बसलेलं पहिल्यांदा बघत होते. मी पायरीवर, पावसात, त्याच्या शेजारी बसले. चिखलाचा वास येत होता, त्याचा आणि माझाही.

*

रविवारी मी दादाला फोन केला आणि सगळं सांगितलं. त्याने मधे एकदाही तोडलं नाही.

"झालं सांगून?" मग तो म्हणाला.

"झालं."

"छोटे, तू कादंबऱ्या वाचतेस."

"वाचते. पण ही माझ्या समोर घडलेली गोष्ट आहे. तासभर उभा होता तो. पावसात."

"आणि बाबांनी पडता पडता त्याला इशारा केला, असं तुझं म्हणणं."

"नाही. बाबा पडले. हात तसा पडला. त्याने तो वाचला. बाबांना काही म्हणायचं नसेलही. मला हे सिद्ध करता येणार नाही, आणि मी करायलाही जाणार नाही. फक्त उद्या मी त्याला आणणार नाहीये."

"तू मान हलवली होतीस."

"हलवली होती. चुकले. आता नाही हलवत."

 मग दादा अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "मी दहाला येतो म्हटलं होतं बाबांना. बारा वाजले मला."

हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. भेटायला येणाऱ्यांना सांगायच्या हकिकतीत हे वाक्य नव्हतं. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की सगळं दोन-चार मिनिटांत आटोपलं असणार. दहाला येऊनही उपयोग झाला नसता, भुंकूनही झाला नसता. दादाला ते माझ्याइतकंच माहीत होतं. मी ते परत म्हणून दाखवलं नाही. त्याने त्या दोन तासांचं ओझं कुणाच्या गळ्यात अडकवलं होतं ते मला कळलं, आणि त्याला ते मला कळलंय हेही कळलं.

"सोमवारी दहा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

*

सोमवारी दहाला मी तळ्यावरच होते. साडेदहाला दादाची गाडी आली.

तो ऑफिसचे बूट घालून चिखलातून चालत आला. हाताला पट्टी तशीच. पट्टा आणि साखळी दुसऱ्या हातात. फोरमन माझ्या डाव्या बाजूला बसलेला होता. दादाला बघून उठला आणि तसाच उभा राहिला.

"चल," दादा म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाही माहीत नसावं.

"नाही."

"आत्याला काय सांगू?"

"मी ऐकत नाही म्हणून सांग. तिला आश्चर्य वाटणार नाही."

त्याने इकडे तिकडे बघितलं. पालथ्या होड्या, पाण्याविना धक्का. "बाबा इथे यायचे? यात काय आहे बघण्यासारखं?"

"इथे कुणी त्यांना हाका मारायचं नाही."

तो जरासा हसला, मग हसू गिळलं. साखळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बरं. दाखव मला."

"काय दाखवू?"

"तेच. हात कर. तो थांबतो का बघू. खरंच थांबला, तर मी फोन करून वेळ रद्द करतो, नाहीतर दुपारची घेतो. हे तर तुला मान्य व्हायला हरकत नाही?"

किती सोपं होतं ते. हात बाजूला करायचा, तळवा खाली. फोरमनची नजर माझ्या बोटांवरच होती. तो थांबला असता, मला जराही शंका नव्हती. दादाने फोन केला असता, आम्ही तिघं एका गाडीतून परत गेलो असतो, आणि संध्याकाळी आत्यासमोर परत तोच खेळ, मग वहिनीसमोर, मग मुलांच्या मित्रांसमोर. एक दिवस तो दमलेला असता, किंवा म्हातारपणाने त्याला माझा हात नीट दिसला नसता.

मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"नाही दाखवणार."

"का? येत नाही ना त्याला?"

"येतं. पण परीक्षेत पास झाला म्हणून त्याने जगायचं नाही. तो सर्कशीत नाहीये, दादा. नापास झाला असता तरी मी त्याला तुझ्या हातात दिला नसता."

"मूर्खपणा आहे हा! मी तुला रस्ता काढून देतोय!"

"मला नकोय तो रस्ता."

"तुझी घरमालकीण कुत्रा ठेवू देत नाही."

"मग घर बदलीन."

"दिवसभर ग्रंथालयात असतेस. हा काय करणार?"

"माझं काम डोळे वटारून बघत बसेल. नाहीतर मी दुसरं काहीतरी बघेन. मला अजून माहीत नाही. पण हे सगळं मी बघणार, तू नाही, आत्या नाही. त्याला काय सांगायचं ते आता मी एकटी सांगणार."

आमचे आवाज चढले होते. किल्लीबाई ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि जुडगं पोटाशी घट्ट धरून होत्या, वाजू नये म्हणून. फोरमन आमच्या दोघांच्या मधे, चारही पाय रोवून.

दादाचा फोन वाजला. अकरा वाजून पाच मिनिटं. त्याने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. वाजू दिला. मग हात लांब करून फोन माझ्यासमोर धरला.

"तूच बोल."

मी घेतला. दवाखान्यातल्या मुलीने विचारलं, आपली अकराची वेळ होती, पोहोचताय ना?

"नाही," मी म्हणाले. "ती वेळ काढून टाका."

"पुढची कुठली देऊ?"

"कुठलीच नको. आणि त्या कुत्र्याच्या नावापुढे आता माझा नंबर लिहून घ्या. भावाचा खोडा."

"बरं. रद्द करायचं कारण काय लिहू?"

दादा माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे लाल झाले होते, पण ते कदाचित तीन तास गाडी चालवल्यामुळे असेल.

"घरच्यांचं एकमत नाही, असं लिहा," मी म्हणाले आणि फोन त्याला परत दिला.

तो पालथ्या होडीवर जाऊन बसला, बूट काढला आणि काडीने तळव्याचा चिखल खरवडायला लागला. एका हाताला पट्टी असल्यामुळे त्याला ते धड जमत नव्हतं. मी मदत केली नाही. त्यानेही मागितली नाही.

"आत्याला तू सांगायचंस," वर न बघता तो म्हणाला. "मी घरी नसताना."

"आजच सांगते."

"आणि मी अजून तुझ्याशी सहमत नाही."

"नको होऊस."

त्याने दुसरा बूट काढला.